मधला चौकोन

कृष्णाकाठ सोसायटीत त्या वर्षी जिन्यात गाठ पडली की "जेवलात का?" असं कुणी विचारत नसे. पहिला प्रश्न असे, "किती चौकोन झाले?"

वाचनालयानं जूनमध्ये घरोघरी एकेक पुठ्ठा वाटला होता. हौजीच्या तिकिटासारखा, पण आकड्यांच्या जागी हुकूम. पाच उभे, पाच आडवे. 'तुमच्या जन्माच्या वर्षी छापलेलं पुस्तक.' 'शेवट पटला नाही असं पुस्तक.' 'ज्यात कुणीच मरत नाही असं पुस्तक'. हा शेवटचा चौकोन भरायला अर्ध्या सोसायटीला गणपती उजाडले. तसलं पुस्तक शोधायला गेलं की कळतं, लेखक मंडळी माणसं मारायला किती तयार असतात ते. घरातल्या कुणीही वाचावं आणि चौकोनात नाव लिहावं. ज्या घराचा पुठ्ठा आधी भरेल त्याला भडंगाचा मोठा डबा आणि पुढच्या वर्षीचे पंचवीस हुकूम काढायचा मान. भडंगाचं सांगलीत कुणाला कौतुक! पण हुकूम काढायचा मान म्हणजे मान.

ऋजुताच्या फ्रिजवरच्या पुठ्ठ्यात चोवीस चौकोन भरले होते. सहा तिच्या नवऱ्यानं, सुजयनं. तो आठवडाभर जतच्या पवनचक्क्यांवर असे आणि शनिवारी घरी येई. सात सासूबाईंनी, म्हणजे शैलजाबाईंनी. उरलेले अकरा ऋजुतानं भरले होते, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये, साडेतीन वर्षांच्या ओवीला मांडीवर थोपटताना, मार्केट यार्डात जाणाऱ्या बसमध्ये उभ्यानं.

राहिला होता तो मधला चौकोन. 'घरातल्या दुसऱ्या कुणी अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक शोधा आणि त्यांच्या वतीनं पूर्ण करा.' हा एकच हुकूम असा होता की नुसतं नाव लिहून भागत नसे. पुस्तक खरंच अर्ध्यावर सुटलंय, याची खात्री हुंग्या करून देई.

हुंग्याचं खरं नाव वाचनखूण-मापक. वाचनालयाच्या टेबलावर शिलाई मशीनएवढी ती करडी पेटी आली, आणि पुस्तकं हुंगल्यासारखा सूं-सूं आवाज करायला लागली, तेव्हापासून सगळे तिला हुंग्याच म्हणत. ग्रंथपाल मुल्लाणीकाका हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कुणी विचारलं नाही तरी समजावून सांगत, आणि ऋजुतानं तर त्या रविवारी विचारलंच होतं.

"हे बघ पोरी, पान उलटताना कागदाला बोटाचं तेल लागतं. घाम लागतो. आणि आपल्याकडं तर बोटाला थुंकी लावल्याशिवाय पान उलटतच नाही." त्यांनी एक पारदर्शक ओलसर फीत पानाच्या कोपऱ्यावर क्षणभर ठेवून उचलली. "ही फीत कागदाला धक्का न लावता वरचे रेणू उचलती. काही रेणू चार दिवसांत उडून जातात, काही वर्षानुवर्षं मुरून राहतात. कुठला किती उरलाय त्यावरनं कळतं, बोट कधी लागलं. आणि प्रत्येकाच्या कातड्याचं तेल वेगळं, त्यामुळं कुणाचं लागलं तेही."

"नावासकट?"

"तुमच्या घरानं नोंद केली असेल तरच. तुमची आहे." काकांनी पडद्याकडं बोट केलं. "मग ही अशी रेषा निघती. कुठं भराभर वाचलं, कुठं थांबलं, कुठं मागं फिरलं, कुठं पुस्तक मिटलं. वाचनरेषा म्हणतात."

ओवीला हे सगळं फार आवडलं. तिनं फितीवर आपला अख्खा पंजा दाबला आणि पेटीकडं बघत उभी राहिली. पेटीनं सूं-सूं केलं. पडद्यावर उमटलं, शून्य वाचक.

"मी?" ओवी म्हणाली.

काका हसले. "तुला मोजायचं नाही असा कायदा आहे, बाई. लहान पोरांचं तेल अजून कच्चं असतं, लगेच ओळखू येतं. बारा वर्षांखालचं काही दिसलं की हा गडी ते आधी पुसतो, मग मोजायला बसतो. पोरांची माहिती कुणी साठवून ठेवू नये म्हणून."

"म्हणजे मी नाहीच?"

"तू आहेस की. ह्याच्या लेखी नाहीस."

ओवीनं पेटीला जीभ काढून दाखवली आणि खालच्या सतरंजीवर जाऊन बसली. तिथं तिनं एक उशी उलटी टाकली, तिच्यावर बसली, हातातल्या ओढणीचं टोक ओढत ओरडायला लागली, "शेपूट धर! सोडू नको! धर शेपूट!" हे गेला महिनाभर चाललं होतं. कुठून उचललं होतं देव जाणे.

"तुमच्या घरच्या खात्यावर अर्धवट असं एकच दिसतंय," काका पडदा सरकवत म्हणाले. "'एका नावाड्याची वही'. शैलजाताईंनी नेलेलं. दर आठवड्याला आणतात, मुदत वाढवतात, परत घेऊन जातात. सात वेळा झालं."

"सात वेळा? आणि अजून अर्धवटच?"

काकांनी रेषा उघडली. पंचेचाळीसाव्या पानापर्यंत ती शहाण्यासारखी चालत गेली होती. सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर मात्र उभीच्या उभी वर चढली. एकतीस वेळा. सात आठवड्यांत एकच पान एकतीस वेळा उघडलेलं. अठ्ठेचाळीसवर एकदाच बोट. त्यापुढं सगळी पानं कोरी.

काकांचा चेहरा जरा उतरला. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला.

"काय झालं, काका?"

"काही नाही गं. माझ्या थोरल्या भावाची अशीच होती. आम्हाला वाटायचं, वाचतोय. तो एकच पान वाचायचा, रोज नव्यानं. पुण्याचे मेंदूचे डॉक्टर आता हीच रेषा मागतात तपासायला." मग घाईघाईनं म्हणाले, "पण हुंग्या कितीदा ते सांगतो, का ते नाही सांगत. तेवढं ध्यानात ठेव."

ऋजुताच्या ध्यानात राहिलं ते आधीचं वाक्य.

---

संशय हा तिचा धंदाच होता. मार्केट यार्डातल्या हळदीच्या प्रयोगशाळेत ती नमुने तपासायची. पोत्यातून चिमूट घ्यायची आणि चिमटीवरून पोत्याचा निकाल द्यायचा. हळद दिसायला सगळी पिवळीच. जांभळ्या दिव्याखाली धरली की खरी हळद हिरवट-पिवळी पेटते आणि रंग फासलेली मढ्यासारखी पडून राहते. आठ वर्षं हे केल्यावर माणूस घरीसुद्धा चिमटी घेऊनच हिंडतो.

आणि इथं पोतं साधं नव्हतं. शैलजाबाई पहिल्या मजल्यावरच्या ह्याच घरात पाळणाघर चालवत. सात मुलं, आठवी ओवी. एकवीस वर्षांत एका पोराचं ढोपर फुटण्यापलीकडं काही घडलं नव्हतं. साठीनंतर मात्र त्यांना दर जानेवारीत प्रकृतीचा दाखला लागे. दाखल्यावर डॉक्टरनं 'शंका' असा शब्द लिहिला तरी पाळणाघर बंद. आणि ऋजुता सकाळी नऊपासून सहापर्यंत ओवीला त्यांच्या हवाली करून जात होती.

त्या आठवड्यात तिला सगळं दिसायला लागलं. दूध उतू गेलं. सासूबाईंनी ओवीला "सुजय, पाय धू" अशी हाक मारली. किल्ली दाराला बाहेरून तशीच राहिली. हे आधीही होत असे, आणि तिच्या स्वतःच्या हातूनही होत असे, पण तेव्हा ते मोजलं जात नव्हतं.

बुधवारी पीठ काढायला गेली तर कणकेच्या डब्यामागं पुस्तक. 'एका नावाड्याची वही'. कणकेच्या डब्यामागं!

"आई, हे इथं कसं?"

शैलजाबाईंनी तिच्या हातातून पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं. "असू दे. मी ठेवलंय."

"नाही, म्हणजे पुस्तक पिठात..."

"पिठात कुठंय? डब्यामागं आहे."

"कसं आहे? पुढं काय होतं त्या नावाड्याचं?"

"पुढं?" त्यांनी पदरानं पुस्तकावरचं पीठ झटकलं, दोनदा झटकलं. "पुढं नाही गेले अजून."

"दोन महिने झाले की."

"सात पोरं आणि तुझं एक. कधी वाचू? तुमच्यासारखं बसमध्ये वाचायला मी कुठं जाते?" आणि नजर चुकवून त्या गॅसकडं वळल्या. गॅस बंदच होता.

ऋजुतानं शनिवारी सासूबाईंचं आणखी एक पुस्तक गुपचूप हुंग्याखाली घातलं, हिमालयातल्या वाटांचं. त्याची रेषा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ गेलेली. निकालाला न जुळणारा नमुना प्रयोगशाळेत कुणी फेकला तर तीच त्याला फैलावर घेई. हा नमुना तिनं मुकाट्यानं बाजूला ठेवला.

"तू माझ्या आईला पोत्यासारखी तपासतेयस," सुजय म्हणाला. शनिवार असूनही तो आला नव्हता, वारं सुटलं होतं म्हणून पवनचक्कीवरच अडकला होता. फोनमधूनसुद्धा ते वारं ऐकू येत होतं.

"मला हौस आहे का?"

"मग तिलाच विचार ना सरळ."

"विचारलं. नजर चुकवली त्यांनी."

"आई माझ्या लहानपणापासून नजर चुकवते. मी दहावीत नापास... म्हणजे जवळजवळ नापास झालो तेव्हा तिनं बाबांना निकाल चार दिवस सांगितला नव्हता."

"सुजय, ओवी आहे त्यांच्यापाशी. दिवसभर. तू तिथं खांबावर बसून विनोद करू नकोस."

मग तो म्हणाला, "तुला वाटतं ते कर. पण तिला कळू देऊ नकोस."

ऋजुतानं पुढच्याच्या पुढच्या मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतली, आणि सोमवारपासून ओवीला मार्केट यार्डाजवळच्या दुसऱ्या पाळणाघरात घातलं.

"लॅबच्या जवळ पडतं, आई. मधल्या सुट्टीत मला भेटता येतं तिला."

"हो. बरंय," शैलजाबाई म्हणाल्या. त्या ओवीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होत्या. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "जेवते का तिथं?"

"जेवेल."

"वरणभात देतात का विचार. तूप जरा जास्त लागतं तिला."

ती जेवत नव्हती. डबा तसाच परत येत होता. तिथल्या बाईंनी सांगितलं, पोरगी घास पुढं केला की तोंड मिटते आणि म्हणते, "आधी काजळी." काजळी म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही. ऋजुतालाही नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण समोरच्या स्वप्नानं विचारलं, "ओवीला का गं काढलंस आजीकडून?" स्वप्नाची मुलगी शैलजाबाईंकडंच असे. ऋजुता आधी म्हणाली, "जवळ पडतं." मग स्वप्ना नुसती बघत राहिली; आणि ज्या आईनं स्वतःचं पोर काढलं तिनं दुसरीचं तिथंच राहू द्यावं का, हा प्रश्न ऋजुताला सोसला नाही. तिनं सांगितलं. "कुणाला बोलू नकोस हां. अजून नक्की काही नाही."

कुणाला बोलू नकोस, असं सांगून सोडलेली गोष्ट सोसायटीत लिफ्टपेक्षा जोरात वर जाते. गुरुवारी सातातली चार मुलं आली. शुक्रवारी तीन.

शुक्रवारी संध्याकाळी ऋजुता घरी आली तेव्हा शैलजाबाई ओट्याशी उभ्या होत्या. चटया गुंडाळून भिंतीला लावलेल्या. रोज त्या सहापर्यंत पसरलेल्या असत.

"घे," त्या म्हणाल्या आणि पुस्तक पुढं केलं. "मधला चौकोन राहिलाय ना तुझा? भर. माझं काही हे आता पूर्ण होणार नाही." आणि जरा थांबून, "तुझ्या हुंग्यानं सांगितलंच असेल तुला."



---

शनिवारी प्रयोगशाळेला अर्धा दिवस होता. मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि शेजारी पुस्तक उघडलं. जे काही असेल ते त्या पानातच असणार, असं तिला वाटत होतं. टेबलावर एका अडत्याचे नमुने मांडलेले, जांभळा दिवा त्यांच्यावर तसाच चालू. चमच्यासाठी हात लांब केला तेव्हा पुस्तक घसरून दिव्याखाली गेलं.

सेहेचाळीसावं पान पेटलं.

तिनं आधी पुस्तकाला नमुन्याची हळद लागली म्हणून फडकं उचललं. मग हात थांबला. हळद सांडली असती तर भुकटी पसरली असती. हे ठसे होते. हिरवट-पिवळे, मसुरीएवढे, एकावर एक, पानभर. तुपात विरघळलेली हळद जास्तच पेटते, आणि हे अगदी तसं पेटलं होतं. सर्वांत दाट होते ते पानावरच्या चित्राभोवती. पुरात पोहणाऱ्या म्हशीचं नाक, कान, आणि शेपूट. शेपटीवर तर कागद दिसत नव्हता.

ऋजुतानं तिथं आपलं बोट ठेवलं. तिच्या एका बोटाखाली ते तीन ठसे मावले.

दिवा बंद करून ती वाचायला लागली. पूर आलेला, गावातली शेवटची नाव भरलेली, नावाड्याच्या बायकोला जागा नाही. मग नावाडी दाव्याची म्हैस पाण्यात सोडतो आणि बायकोला ओरडून सांगतो, "काजळीचं शेपूट धर! सोडू नकोस! धर शेपूट!" सत्तेचाळीसाव्या पानाच्या तळाशी दोघी पलीकडच्या काठाला लागतात.

शून्य वाचक. हुंग्यानं ओवीला आधी पुसलं होतं, मग मोजायला बसला होता. मांडीवरचं पोर काढून टाकल्यावर उरली ती एक म्हातारी बाई, एकच पान एकतीस वेळा उघडून बसलेली.

आणि कणकेचा डबा? तिला एकदम आपलाच आवाज ऐकू आला. गणपतीनंतर पालकांच्या वर्गाहून आल्यावर तिनं सासूबाईंना बजावलं होतं: "आई, जेवताना पुस्तक नाही, पडदा नाही, गोष्ट नाही. ओवीचं लक्ष घासावर हवं. हे अगदी पक्कं." शैलजाबाई तेव्हा "बरं" म्हणाल्या होत्या. पुस्तक लपवलं होतं ते सुनेपासून. नजर चुकवली होती ती सुनेची.

तिनं पान उलटून अठ्ठेचाळीसावं काढलं. पहिल्याच ओळीत काठावर थकून उभी राहिलेली काजळी, मागून आलेल्या लोंढ्यानं वाहून जाते. दिवा पुन्हा लावून बघितला. त्या पानावर एकही ठसा पेटला नाही. हुंग्याच्या हिशेबी तिथं एकदाच बोट लागलं होतं, मोठ्या माणसाचं. एकदा वाचून आजीनं ते पान नातीसाठी कायमचं मिटून टाकलं होतं.

---

"पोरगी घासच घेत नव्हती गं," शैलजाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. "तू म्हणालीस गोष्ट नाही. मी आठ दिवस केलं तसं. चौथ्या घासाला उठायची. मग एक दिवस ते पुस्तक हाताशी होतं, म्हैस दाखवली, आणि अख्खी वाटी संपली. दुसऱ्या दिवशी परत तेच पान. पुढचं वाचते म्हटलं की रडायची. तुला सांगणार होते."

"आई, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? आईनं बघायलाच पाहिजे, पोर कुणाच्या हातात आहे ते. मीही बघितलं असतं."

हे त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की ऋजुताला शिव्या खाणं परवडलं असतं.

"मंगळवारची डॉक्टरांची वेळ रद्द करते मी."

"मंगळवारी आहे होय? ते नव्हतं सांगितलंस." शैलजाबाईंनी खिडकीकडं बघितलं. "नको रद्द करू."

"पण आता कळलंय ना सगळं!"

"तुला कळलंय." त्यांनी ओट्याकडं बोट केलं. ओट्यावरच्या फरशीला तीन-चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. सुवाच्य, गोल अक्षर. 'गॅस बंद केला १०.२०.' 'आर्याला औषध दिले.' 'दार लावले. बघितले.' "सोसायटीत बोलायला लागले तेव्हापासून लिहिते. काल गॅस बंद करून दोनदा परत जाऊन बघितला. आधी कधी बघत नव्हते मी."

"ते माझ्यामुळं, आई. कुणालाही होईल तसं."

"असेल तुझ्यामुळं. आणि नसलं तर? ते कुठलं यंत्र सांगणार?"

पोत्यात एकदा भेसळीची चिमूट मिसळली की ती वेचून काढता येत नाही, हे ऋजुताइतकं कुणाला माहीत असणार.

रविवारी ती सोसायटीतल्या चार दारांशी गेली. "माझा समज चुकीचा होता. मीच चुकले. माझी ओवी उद्यापासून पुन्हा आजीकडं आहे," असं चारही ठिकाणी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. दोघी "बरं झालं बाई" म्हणाल्या. स्वप्ना रडली. चौथी म्हणाली, "बघू."

मंगळवारी दोघी मिळून डॉक्टरांकडं गेल्या. तासभर प्रश्न, चित्रं, आकडे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, दाखला देतो. आणि दाखल्यावर सही करता करता, सगळ्यांनाच म्हणतात तसं म्हणाले, "सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा." परतीच्या रिक्षात शैलजाबाई तो कागद मांडीवर सपाट करत होत्या. घर येईपर्यंत करत होत्या.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मुल्लाणीकाकांनी ऋजुताचा पुठ्ठा हातात घेतला. "अगं, मधला मोकळाच की. एवढं पुस्तक तुझ्याजवळ, दोन तासांचं काम. तिसऱ्या मजल्यावरच्या कुरण्यांचेही चोवीसच झालेत. आज भरलंस तर तूच."

"ते अर्धवट नाही, काका."

"हुंग्या तर म्हणतोय..."

"आमच्या घरी ते पुस्तक सत्तेचाळीसाव्या पानावर संपतं."

काकांनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. तिनं दिव्याची हकिकत सांगितली. मग त्यांनी कपाटातून एक जाड पुठ्ठ्याचा कागद काढला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'या यंत्राला मांडीवरचं मूल दिसत नाही', आणि हुंग्याच्या कपाळावर चिकटवला.

हुकूम काढायचा मान कुरण्यांना गेला. भडंगाचा डबा त्यांनी जिन्यात सगळ्यांना वाटला.

दुसऱ्या दिवशी ऋजुतानं अर्धी रजा टाकली. पाळणाघरात सहा मुलं होती, सातवी अजून 'बघू'मध्येच होती. ओवी पाटावर बसून वाट बघत होती, बोटं आधीच वरणात. फ्रिजवरच्या पुठ्ठ्याच्या मधल्या रिकाम्या चौकोनात सकाळीच तिनं एक पिवळं बोट उमटवून ठेवलं होतं. ते ऋजुतानं पुसलं नाही.

शैलजाबाईंनी पुस्तक उघडलं. आता ते डब्यामागं नसे, ओट्यावरच असे, चिठ्ठ्यांच्या खाली. सेहेचाळीसावं पान काढलं, बोटाला थुंकी लावली आणि थांबल्या.

"काय गं ओवी," त्या म्हणाल्या, "हे वाचलंय का आपण आधी?"

ऋजुताचा डाव पातेल्यातच राहिला. सासूबाई चेष्टा करत असल्या की त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कडेला एक बारीक सुरकुती पडते. ती तिथून दिसली असती. नुसती मान वळवायची होती.

तिनं मान वळवली नाही. भातावर वरण घातलं, वर तूप, जरा जास्त.

"नाही," ओवी छातीठोक खोटं बोलली. "अज्जिबात नाही वाचलं. वाच!"

आणि काठावरून नाव सुटली.